चपट्या भोपळ्याची जुनी सतार वाजती करताना

प्रश्न थोडक्यात असा. जुन्या बाजारात चपट्या पाठीची एक सतार मिळाली. भोपळ्याला वीतभर तडा आहे. दांडी भोपळ्याला मिळते तिथे नख शिरेल एवढी फट आहे. तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) घोडीखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, थोडी बसली आहे. सोळा पितळी पडदे हिरवे पडलेत, सातपैकी दोन खुंट्या नाहीत. दांडीच्या कडेला नऊ बारीक भोकं आहेत, पण तरफांच्या (मुख्य तारांबरोबर आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारांच्या) खुंट्या नाहीत. दांडीच्या मागे किड्याची टाचणीएवढी छिद्रं आहेत. ती वाजेल का, तरफा बसवून घ्याव्यात का, आणि घरी किती काम करता येईल?

वाजेल. तरफा बसवू नका. किडा, सफाई, पडदे आणि खुंट्या हे काम हात स्थिर असलेल्या माणसाला घरी जमतं. भोपळा, गळ्याचा (दांडी भोपळ्याला मिळते तिथला) सांधा आणि जवारी, म्हणजे घोडीची पाठ घासून आवाज घडवण्याचं काम, कारागिराकडेच द्या. पण काय करायचं आणि काय करायचं नाही हे त्याला आधी सांगा. नाहीतर तो सवयीने तिची आजची सतार करून देईल.

चपट्या भोपळ्याच्या सतारीला कच्छपी किंवा कछुआ म्हणतात. नेहमीच्या सतारीचा भोपळा गोल असतो. हिच्यासाठी भोपळा असा कापतात की पाठ कासवासारखी पसरट येते, आणि वाद्य मांडीवर कमी घसरतं. सूरबहारलाही असाच भोपळा असतो, म्हणून आधी माप घ्या. मेरू (दांडीच्या वरच्या टोकाची तारा टेकण्याची पट्टी) ते घोडी एवढी तार ३४ ते ३६ इंच भरली तर सतार समजा. अंतर त्याहून बरंच जास्त आणि दांडी रुंद असेल तर ते सूरबहार असू शकतं, मग तारांचा सगळा हिशेबच बदलतो.

त्या नऊ भोकांकडे नीट पाहा. भोक नक्षीची रेघ कापून गेलंय का? आतलं लाकूड बाहेरच्यापेक्षा फिकं आहे का? तबलीवर मोठ्या घोडीच्या पुढे तरफांच्या छोट्या घोडीचा ठसा आहे का? तरफा पडद्यांच्या खालून जातात, म्हणून त्यांच्यासाठी पडदे कमानीसारखे उंच लागतात. तुमचे पडदे चपटे असतील तर खाली तारेला जागाच नाही. म्हणजे कुणीतरी नंतर भोकं पाडली आणि काम अर्धवट सोडलं. त्याने ते सोडलं हे वाद्याचं नशीब.

कारण ताण. घोडी आणि मेरू यांच्यात ८८ सेंमी अंतर, ०.३० मिमीची पोलादी बाजाची (मुख्य वाजवायची) तार, काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाला मध्यमात लावलेली: हिशेब केला तर ताण सुमारे ६ किलो येतो. ०.४० मिमीची जोडाची, म्हणजे तिच्या शेजारची षड्जाची तार साडेसहा किलोच्या पुढे जाते. सात तारांचा मिळून भार ४५ ते ५० किलो. तरफेची ०.२३ मिमीची एकेक तार लांबी आणि सुराप्रमाणे साडेतीन किलोच्या आसपास. भोकं नऊच असली तरी आजच्या सतारीसारख्या अकरा-बारा तरफा घातल्या की आणखी ४० किलो. सात तारांच्या बेताने घडवलेला गळा, शे-सव्वाशे वर्षांचा सरस आणि वाळलेला भोपळा यांच्यावर जवळपास दुप्पट भार. दांडी पुढे झुकते, तबली खचते, आणि दोष मात्र ‘जुनं लाकूड’ म्हणून लाकडावर येतो.

भोकं बुजवायची तर दांडीच्याच जातीच्या लाकडाची (बहुधा तून, काही वेळा सागवान) बारीक खुंटी करून सरसाने बसवा आणि कडेला सपाट करा. उघडी ठेवलीत तरी बिघडत नाही.

कामाला लागण्याआधी तारा असतील तर सगळ्या थोड्या थोड्या करत सैल करा. ताणलेली तार कापू नका, धक्का थेट फुटक्या सांध्याला बसतो. मग प्रत्येक बाजूचा फोटो काढा आणि प्रत्येक पडद्याचं मेरूपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. पडद्यांना आणि खुंट्यांना दोऱ्याने क्रमांक बांधा. पडद्यांचा जुना दोरा, तारेत ओवलेला सूर जुळवायचा तुटका मणका, घोडीचा पाय, काहीही फेकू नका. मूळ दोरा रेशमाचा असेल तर तेवढ्यावरूनही वाद्याच्या वयाचा अंदाज येतो. नक्षीचंही तसंच. पांढरी चकाकती पट्टी हाडाची, हस्तिदंताची किंवा सेल्युलॉइडची असू शकते. सेल्युलॉइड जुनं झालं की त्याला कापरासारखा किंवा आंबूस वास येतो, त्याला बारीक जाळीसारख्या भेगा जातात, आणि त्यातून निघणारं आम्ल जवळचं पितळ खातं. ते झटक्यात पेटतं. अशा पट्टीजवळ वाफ, गरम सुरी, मेणबत्ती काहीही नेऊ नका.

पहिलं काम किड्याचं. किडलेल्या लाकडाला सरस लावून उपयोग नाही. काळ्या कागदावर वाद्य पंधरा दिवस न हलवता ठेवा. छिद्रांखाली पिवळसर पीठ पडलं तर किडा जिवंत आहे. पीठ नसेल तर छिद्रं जुनी आहेत आणि हा टप्पा सोडून द्या.

किडा जिवंत असेल तर सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे त्याचा प्राणवायू तोडणं. अॅल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशवीत वाद्य घालून, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या टाकून, तोंड उष्णतेने बंद करायचं आणि २५ ते ३० अंशाला तीन-चार आठवडे ठेवायचं. किती पुड्या? भोपळ्यातली धरून पिशवीत ६० लिटर हवा उरली असं समजा. हवेत २१ टक्के प्राणवायू, म्हणजे साडेबारा लिटर. दोन लिटर प्राणवायू शोषणाऱ्या सात पुड्या पुरतात, दहा घाला. पुडीवरचा आकडा प्राणवायूचा आहे की हवेचा, हे दुकानदाराला विचारून घ्या, कारण त्यावर संख्या पाचपट बदलते. पुड्या गरम होतात, त्या पॉलिशला टेकू देऊ नका.

धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नका. तो वायू माणसांना मारतो, आणि वर तांबं-पितळ काळं करतो. तेलात मिसळलेली कीडनाशकंही सांध्यांजवळ टाळा. लाकडाने तेल प्यायलं की तिथे पुढे सरस धरत नाही.

आता सांधे. इथून भोपळ्यापर्यंतचं काम कारागिराचं, पण ते कसं व्हायला हवं हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. जुन्या सतारी सरसाने जोडलेल्या असतात, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने. ओल आणि उष्णता दिली की तो सुटतो, आणि नवा सरस जुन्याला पुन्हा जिवंत करतो, त्यामुळे पुढचा कारागीर शंभर वर्षांनीही तो सांधा न फोडता उघडू शकतो. पांढरा बाटलीतला डिंक इथे दोनदा नडतो. सतत ताणाखाली तो सावकाश सरकत राहतो, आणि एकदा लाकडात भिनला की त्यावर दुसरं काहीच नीट धरत नाही. इपॉक्सी त्याहून वाईट. पुढच्या वेळी सांध्याऐवजी शेजारचं लाकूड फुटतं. झटपट चिकटणारा द्रव फार तर नक्षीचा सुटा तुकडा बसवायला, तोही थेंबभर.

सरसाचे दाणे एक भाग, थंड पाणी दोन भाग, वजनाने. तीन तास ते रात्रभर भिजवा. मग भांड्यात भांडं ठेवून ६० ते ६५ अंशावर पातळ करा. उकळला की त्याची ताकद गेली. काडी उचलल्यावर मधासारखी अखंड धार पडली की पाणी बरोबर आहे, थेंब थेंब पडला तर पातळ झाला. जोडायचे दोन्ही भाग आधी कोमट करून घ्या. थंड लाकडावर सरस अर्ध्या मिनिटात गोठतो आणि सांधा वरवर धरलेला दिसतो. घरगुती दुरुस्तीतले बरेच सांधे महिन्याभरात सुटतात ते यामुळे.

दांडी आणि भोपळा यांना जोडणारा लाकडी गळा, म्हणजे गुलू, हा वाद्याचा कणा. तिथल्या फटीत नुसता सरस ओतून आवळायचं नाही. आत जुना चुरा आणि धूळ असते, ती दाबली जाते आणि दांडीचा कोन बदलून बसतो. सांधा पूर्ण उघडायचा. पातळ बोथट पट्टी कोमट पाण्यात बुडवून फटीत हळूहळू सारायची, दर थोड्या वेळाने पाण्याचे दोन थेंब. घाई केली की गळ्याची कड उडते. स्पिरिट सोडल्यास सरस कोरडा होऊन तडकतो आणि सांधा लवकर सुटतो हे खरं, पण त्याच स्पिरिटने बाहेरची लाखेची पॉलिश विरघळते. म्हणून पिचकारीच्या सुईने आतच, आणि बाहेर ओघळ आला तर लगेच टिपायचा.

सांधा सुटला की आधी कोरडाच जुळवून पाहायचा. दांडीच्या पाठीवर लांब सरळ पट्टी धरा, घोडीच्या जागी दोरा लावा, आणि बाजाची तार दांडीच्या मधल्या रेषेवर येते का बघा. सरस भरल्यावर हे तपासायला वेळ नसतो. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्यांइतकं चांगलं साधन नाही. त्या गोल, तिरप्या, कशाही आकाराला सारखा दाब देतात आणि पॉलिशवर वळ उठत नाहीत. चोवीस तास पट्ट्या, त्यानंतर आठ-दहा दिवस एकही तार नाही. पावसाळ्यात पंधरा दिवस.

भोपळ्याचा तडा दुरुस्त करायला तबली उतरवावी लागेल का, हे तड्याच्या जागेवर ठरतं. वीतभर तडा आतून आधार न देता टिकत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा उतरवावीच लागते. तबलीची कड त्याच कोमट पट्टीने, एका टोकाकडून सुरू करून. वाळलेला भोपळा काचेसारखा वागतो. तड्याच्या कडा एकमेकींवर चढल्या असतील तर त्या भागावर कोमट ओलं फडकं दोन-तीन तास ठेवा, मग त्या लवतात. कडा जुळल्यावर सरस, ट्यूबची पट्टी, आणि वाळल्यावर आतून मलमलीच्या पट्ट्या सरसात बुडवून तड्याला आडव्या चिकटवा. दोन बोटांच्या अंतराने, प्रत्येक पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना किमान तीन सेंमी. सलग मोठं कापड लावू नका, ते आकसताना नव्या ठिकाणी भोपळा फोडतं.

तुकडा हरवला असेल तर तो भोपळ्याचाच लावा. मिरजेच्या कारागिरांकडे फुटक्या भोपळ्यांचे तुकडे पडलेले असतात, त्यांतून जाडी आणि बाक जुळणारा निवडता येतो. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. लाकडाचा ठिगळ भोपळ्याबरोबर फुगत-आकसत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत त्याच्या कडेने नवा तडा जातो. बारीक फटी भोपळ्याचा भुसा आणि सरस कालवून भरतात.

तबली उतरली आहे तर तिचीही तपासणी करून घ्या. दोन-तीन मिलिमीटर बसलेली, पण न तडकलेली तबली तशीच राहू द्या. घोडीचे पाय तेवढे उंच करता येतात. वाफ देऊन तिला परत फुगवायचा मोह टाळा. ताण येताच ती पुन्हा बसते, यावेळी तडकून. तडा असेल तर आतून पातळ लाकडी पट्ट्या, लाकडाची रेषा तड्याला आडवी, कडा तासून पातळ केलेल्या. जाड पट्टी लावली की आवाज मुका होतो.

खुंट्यांच्या बाबतीत एक चूक सगळीकडे दिसते. नवी खुंटी बाजारातून आणायची आणि तिच्या मापाने जुनं भोक मोठं करायचं. उलटं करा. भोक जुनंच ठेवा आणि शिसवी खुंटी त्याच्या उताराप्रमाणे तासून घ्या. खुंटीवर खडू घासा, भोकात फिरवा, बाहेर काढा. खडू जिथे पुसला आणि लाकूड चमकलं तिथे ती टेकते. ती चमक दोन्ही भिंतींवर पूर्ण गोल यायला हवी. एकाच बाजूला टेकणारी खुंटी सुरात राहत नाही. सरकली तर खडू, अडकली तर कोरडा साबण. तेलाचा थेंब एकदा गेला की खुंटी कायमची निसटती होते.

पडद्यांवरचा हिरवा थर चिंच-लिंबाने काढू नका. पितळेची भांडी घासून लगेच धुता येतात, पडद्याच्या बांधणीखाली मात्र आम्ल राहतं आणि चार महिन्यांत हिरवं परत येतं. पडदे सोडवून खडूची बारीक पूड आणि दोन थेंब स्पिरिट मऊ फडक्यावर घेऊन चोळा. तारेने पडलेली खाच उथळ असेल तर ४००, ८००, १२०० नंबरच्या कागदाने क्रमाने घासून जाते. खोल असेल तर पडदा बदलण्याआधी किंचित डावी-उजवीकडे सरकवून पाहा. बांधायला नायलॉनचा बारीक दोरा चालतो, चार वेढे, गाठ दांडीच्या कडेला. जुन्या दांडीवर फार आवळू नका. लाकूड वाळलेलं असतं, कडा दबते.

पडद्यांची जागा कानाने ठरते, पण सुरुवातीला मापाने बसवलं तर वेळ वाचतो. बाजाची खुली तार मध्यम. त्यापुढचा षड्ज पंचमाच्या अंतरावर, म्हणजे मेरूपासून लांबीच्या एक तृतीयांशावर: ८८ सेंमीला २९.३ सेंमी. मंद्र पंचम नवव्या हिश्शावर, ९.८ सेंमी. वरचा मध्यम बरोबर निम्म्यावर, ४४ सेंमी. तार षड्ज दोन तृतीयांशावर, ५८.७ सेंमी. तार दाबली की थोडी चढते, म्हणून प्रत्यक्षात पडदा या आकड्यापेक्षा किंचित मेरूकडे येतो. लिहून ठेवलेल्या जुन्या अंतरांशी हे ताडून बघा. खूप फरक पडला तर घोडी मूळ जागी नाही, असं समजायचं.

पॉलिशची घाई नको. आधी कोरडा मऊ ब्रश, मग जेमतेम ओलं फडकं. लपलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख आहे. ती खरवडायची नाही. एक लिटर स्पिरिटला १२०-१५० ग्रॅम लाख विरघळवून, गाळून, फडक्याच्या गोळ्याने दोन-तीन पातळ हात पुरे. यंत्राने फवारलेला चकचकीत थर या वाद्याचं वयही पुसतो आणि किंमतही.

घोडी कशाची आहे ते बघा. भिंगातून एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर हाड. हस्तिदंत निघालं तर गोष्ट कायद्याची होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर त्याची खरेदी-विक्री बंद आहे. विकत घेतलेल्या वाद्यातल्या अशा तुकड्याचं काय करायचं ते वनखात्याला विचारूनच ठरवा. ते वाद्य घेऊन परदेशी निघू तर नकाच. शिसवाच्या खुंट्यांची तशी अडचण उरलेली नाही. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

हाडाची जुनी घोडी असली तरी ती जपून ठेवा आणि नवी करून घ्या. जवारी म्हणजे घासणं, आणि घासलेलं परत येत नाही. पायांखाली कार्बन पेपर ठेवून घोडी तबलीवर फिरवा. जिथे डाग पडतो तिथे पाय उंच आहे, तो तासा. दोन्ही पाय पूर्ण टेकेपर्यंत जवारीला हात नाही.

जवारीची पाठ मेरूच्या बाजूला अगदी हलक्या उताराने खाली जाते. कंप पावणारी तार त्या उतारावर थोडी थोडी टेकत-सुटत राहते, त्यातून ती गुंजन निघते. उतार जास्त झाला की टेकण्याची जागा कमी होऊन आवाज बंद होतो. पाठ फार सपाट झाली की खुला होतो, मग झणझणतो. मध्ये खोलगट जागा राहिली तर कोरडी फरफर येते, आणि ती कितीही तारा बदलल्या तरी जात नाही. पाठीवर पेन्सिल फिरवा, तार छेडा, पेन्सिल कुठे पुसली ते बघा. मग सपाट बारीक कानशीने पाच-सहा हात, तार चढवून ऐका, पुन्हा. शेवटी १००० नंबरचा कागद सपाट ठोकळ्यावर ताणून. एका बैठकीत जवारी संपवायची नसते.

ती अगदी शेवटी का, तर गळा एक मिलिमीटर हलला तरी तारेचा घोडीवरचा कोन बदलतो आणि केलेली जवारी वाया जाते.

तारा हलक्या लावा: बाज ०.२८ ते ०.३० मिमी पोलाद, जोड ०.४० ब्राँझ, पंचम ०.५५, खरज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) ०.८० च्या आसपास, चिकारी (कडेच्या उंच सुराच्या तारा) ०.२३. षड्ज काळी एकला नेऊ नका. पांढरी सातवर थांबा, एका पूर्ण स्वराने खाली आलं की ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो.

चढवतानाही एकदम नाही. पहिल्या दिवशी सगळ्या तारा चार सूर खाली, मग दिवसाआड एकेक सूर वर. दहाव्या पडद्यावर तारेची उंची पहिल्या दिवशी मोजून ठेवा, पूर्ण सुरात आल्यावर पुन्हा, त्यानंतर आठवड्याने. शेवटच्या दोन मापांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सगळं सैल करा. गळ्याचा सांधा धरलेला नाही आणि तो पुन्हा उघडावा लागेल. वाद्य उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका, तिथे सरस मऊ पडतो. कोकण-गोव्याच्या पावसात आणि हीटर चालणाऱ्या परदेशी घरात खोलीची आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत ठेवता आली तर भोपळ्याचा जुना तडा पुन्हा उघडण्याची शक्यता कमी. पेटीत पाच-सातशे रुपयांचं आर्द्रतामापक टाकून ठेवा, आकडा ३५ च्या खाली गेला की पेटी बंदच ठेवायची आणि तारा एक सूर उतरवायच्या.